वाइनला आधी दारू म्हणा, मग चाखा

आजोबांच्या वेळचं, पान थुंकायचं एक पितळी तस्त आमच्या घरात होतं. जेवण झालं की आजोबा ओसरीवर पान खायला बसायचे आणि तस्त त्यांच्या उजव्या हाताला असायचं. ते घासायचं काम आम्हा भावंडांवर यायचं, त्यामुळे आजोबा गेल्यावर ते मोडीत कधी गेलं याची कुणी चौकशी केली नाही. गेल्या फेब्रुवारीत नाशिकजवळच्या एका वाइन महोत्सवात टेबलावर स्टीलचं तस्त दिसलं, तेव्हा जुना शत्रू भेटल्यासारखं झालं. वाइन तोंडात घोळवायची, चव कळली की यात थुंकायची आणि पुढच्या ग्लासाकडे वळायचं, ही चाखणाऱ्यांची जगभरची रीत. ज्याला एका बैठकीत वीस-तीस वाइन तपासायच्या असतात त्याला दुसरा इलाजच नसतो. मी त्या टेबलाशी तासभर तरी होतो. तेवढ्या वेळात तस्तात ऑलिव्हच्या बिया पडल्या, एक टिश्यू पेपर पडला आणि कुणाच्या तरी मनगटावरचा कागदी पट्टा पडला. वाइन पडली नाही.

पैसे मोजलेत तर थुंकायची कशाला, हा हिशेब मला समजतो. मीही थुंकलो नाही. पण मग ते चाखणं नव्हे, पिणं झालं. या दोन क्रियापदांत आपण फरक करत नाही, आणि महाराष्ट्रात वाइनवरून जे रण माजतं त्यातलं बरंचसं या गोंधळातून माजतं.

सोबत मामेभाऊ होता. आम्ही त्याला दादा म्हणतो. निफाड तालुक्यात त्याची चार एकर बाग आहे, सगळी खायच्या द्राक्षांची, थॉमसन आणि सोनाका. वीस-बावीस वर्षं द्राक्ष पिकवणारा हा माणूस त्या दिवसापर्यंत कुठल्याही वाइनरीत गेला नव्हता. आणि सर्वांत जवळची वाइनरी त्याच्या गावापासून मोटारसायकलवर अर्ध्या तासाची आहे. तिकिटाची रक्कम मी त्याला सांगितली नाही. सांगितली असती तर फाटकातूनच परत फिरला असता.

काळा ॲप्रन घातलेला एक चुणचुणीत मुलगा वाइन ओतत होता आणि इंग्रजीत वर्णन करत होता. सोव्हिन्यों ब्लांच्या ग्लासात गूजबेरी आहे, नुकतं कापलेलं गवत आहे. रेडमध्ये ब्लॅककरंट आहे. समोरची मंडळी माना डोलवत होती. ब्लॅककरंट झाडावर सोडा, ताटात तरी त्यांतल्या किती जणांनी पाहिलं असेल? दादाने ग्लास नाकाशी धरला, दोनदा हुंगला आणि मला हळूच म्हणाला, "ढोबळी मिरची चिरल्यावर येतो ना, तसा वास येतोय रे." मला हसू आलं. मुलगा मात्र चपापला, कारण उत्तर बरोबर होतं. सोव्हिन्यों ब्लां आणि काबेर्ने सोव्हिन्यों या जातींत पायराझिन गटातली संयुगं असतात, आणि हिरव्या ढोबळीचा वास ज्यामुळे येतो ती संयुगंही त्याच गटातली. वाइनचे जाणकार या वासाची नोंद ढोबळी मिरची म्हणूनच करतात. दादाला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्याने दोन वर्षं शेडनेटमध्ये ढोबळी लावली होती, एवढंच.

पुढे द्राक्षं तुडवायचा हौद होता. तरुण पोरंपोरी पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून गाण्यावर नाचत होती. (ती द्राक्षं वाइनमध्ये जात नाहीत, हे सांगून कुणाचा विरस करू नये.) काठावरच्या क्रेटमधला एक घड दादाने उचलला. मणी वाटाण्याएवढे, साल जाड, आत बिया, घड गच्च. "याला जीए दिलं नाही? विरळणी केली नाही?" त्याच्या लेखी हा आळशी माणसाच्या बागेतला घड होता. खायच्या द्राक्षात सगळी धडपड मणी फुगवण्यासाठी असते. जिब्रेलिक ॲसिडच्या पाण्यात घड बुडवायचे, बायका लावून कात्रीने मणी विरळ करायचे, माल निर्यातीला द्यायचा तर मण्याची जाडी मिलिमीटरमध्ये मोजून घ्यायची. साल पातळ हवी, बी अजिबात नको. वाइनचं सगळं उलट. रंग, तुरटपणा आणि गंधाचा मोठा भाग सालीत असतो. मणी जितका बारीक तितकं रसाच्या मानाने सालीचं प्रमाण जास्त, म्हणून बारीक मणीच हवा, आणि वेलीवर मालही बेताचाच ठेवायचा. हे मी त्याला जमेल तसं सांगितलं. "म्हणजे मी वीस वर्षं जे करतोय त्यातलं यांना काहीच नकोय," दादा म्हणाला. त्याच्या सुरात खंत नव्हती. धंद्यातली एक गोष्ट नव्याने कळल्याचं समाधान होतं.

मला मात्र २०२२ चा जानेवारी आठवला.

त्या महिन्याच्या २७ तारखेला राज्य मंत्रिमंडळाने १०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या सुपरमार्केटांत, कुलूप लावलेल्या कपाटातून वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं. कारण दिलं शेतकऱ्यांच्या हिताचं. विरोधकांनी महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र केलं म्हणून ओरड केली. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. सत्ताधाऱ्यांच्या बाजूने संजय राऊत यांनी वाइन म्हणजे दारू नव्हे असं सांगून टाकलं. सरकारने हरकती आणि सूचना मागवल्या, जूनअखेर सरकारच गेलं आणि निर्णय कागदावर राहिला. त्या दोन-तीन महिन्यांत दोन्ही बाजूंनी जे बोललं गेलं त्यात खोटेपणा भरपूर होता, आणि सर्वांत मोठं खोटं होतं ते वाइन म्हणजे दारू नव्हे हेच.

साधा हिशेब करा. वाइनमध्ये १३ टक्के अल्कोहोल धरलं, तर ७५० मिलिलिटरच्या बाटलीत साडेसत्त्याण्णव मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल येतं. आपल्याकडच्या व्हिस्कीत ते ४२.८ टक्के असतं, म्हणजे ६० मिलिलिटरच्या लार्ज पेगमध्ये २५.७ मिलिलिटर. वाइनची एक बाटली म्हणजे जवळपास पावणेचार लार्ज पेग. कायद्यालाही याबद्दल शंका नाही. १९४९ चा दारूबंदी कायदा मद्याची व्याख्या करताना वाइनचं नाव घेऊन तिला आत ओढतो, आणि वयाची २१ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय ती कुणाला देता येत नाही. उसाच्या रसाला असा नियम नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं ते १९८८ मध्ये. ते व्हिस्कीतून पोटात गेलं की वाइनमधून, असा भेद त्या यादीत नाही. रोज एक ग्लास रेड वाइन हृदयाला चांगली, हे त्या महोत्सवात मला तीन जणांनी ऐकवलं. त्यांतले एक डॉक्टर होते, पण दातांचे.

ज्या देशाने वाइनला डोक्यावर घेतलं त्या फ्रान्सनेच १९९१ मध्ये मद्याच्या जाहिरातींवर कडक बंधनं घालणारा कायदा केला, आणि त्या कायद्यातून वाइनला सुटका दिली नाही. वाइन ही आमची संस्कृती आहे आणि ती दारूही आहे, ही दोन वाक्यं एका दमात बोलायला त्यांना अडचण वाटली नाही. आपल्याला वाटते, कारण आपल्याकडे दारू हा शब्द उच्चारला की पुढचं बोलणंच संपतं.

मग मी तिथे काय करत होतो? मला वाइन आवडते. आवडती वस्तू निरुपद्रवीही असायला हवी असा माझा हट्ट नाही. आणि सरकारनेही तो धरू नये. खोटं सांगून मिळवलेली परवानगी पहिल्या मोर्चात वाहून जाते, हे २०२२ ने दाखवलंच.

आता शेतकऱ्याचं नाव. नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षबागांमध्ये वाइनच्या जातींचा वाटा अगदी किरकोळ आहे. बाकी सगळी बाग खायच्या द्राक्षांची, शहरात फळवाल्याकडे आणि परदेशात जाणाऱ्या पेट्यांची. तिकडे तासगावच्या बाजूला बेदाण्याची. सुपरमार्केटच्या कपाटात वाइन ठेवली म्हणून दादाच्या थॉमसनला किलोमागे रुपया जास्त मिळणार नव्हता. त्याची दुखणी वेगळी आहेत. फुलोऱ्यात पाऊस आला की डावणीचा रोग, काढणीच्या तोंडावर आला की मणी तडकतात, आणि सगळं निभावून माल गाडीत भरला की व्यापारी चेक देतो तो वटत नाही. या तीनपैकी एकाचाही इलाज वाइनच्या बाटलीत नाही.

ज्यांनी खरोखर वाइनची द्राक्षं लावली त्यांचं काय झालं, हे त्या वादात फारसं कुणी विचारलं नाही. २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. वाइनरीला लघुउद्योगाचा दर्जा, उत्पादन शुल्कात सूट, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क. त्या उत्साहात अनेकांनी शिराझ, काबेर्ने, शेनिन लावली. काहींनी कर्ज काढून स्वतःच्या वाइनरी उभ्या केल्या. मग २००८ ची मंदी आली, पाठोपाठ मुंबईवरचा हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, टाक्या भरलेल्या राहिल्या. वाइनरींनी माल उचलायला नकार दिला, काहींनी उचलला पण पैसे दिले नाहीत. खायचं द्राक्ष नाही खपलं तर शेतकरी त्याचा बेदाणा करतो, रस्त्याच्या कडेला पाटी लावून विकतो, काहीच नाही तर पाहुण्यांना वाटतो. शिराझचं काय करणार? दाताखाली बी येते. दादाच्या शेजारगावात एकाने पाच वर्षांची शिराझ कुऱ्हाडीने तोडली आणि त्याच मांडवावर पुन्हा थॉमसन चढवला. करारशेतीत भाव आधी ठरतो, साखर किती भरली त्यावर पैसे मिळतात, व्यापाऱ्याच्या मागे फिरावं लागत नाही, हे तिचे फायदे खरे आहेत. पण घेणारा एकच असतो, आणि तो बुडाला की शेतकरी त्याच्याबरोबर बुडतो.

राज्यात वाइनवर २० टक्के व्हॅट आहे आणि त्यातला १६ टक्के वाइनरीला परत द्यायची योजना आहे. नवा उद्योग जगवायचा तर अशी मदत लागते, माझी हरकत नाही. फक्त त्या परताव्याला एक अट लावा, की द्राक्षाचे पैसे शेतकऱ्याच्या खात्यात ठरल्या मुदतीत जमा झाल्याशिवाय परतावा नाही. मग खुशाल त्याचं नाव घ्या.

सुपरमार्केटमधल्या कपाटाला माझा विरोध आहे. तो अण्णांच्या कारणासाठी नाही. कपाटातली बाटली मुकी असते. ती किती प्यायची, कशाबरोबर, किती गार, उघडल्यावर किती दिवस टिकते, यातलं काही ती सांगत नाही. ती फक्त खपते. आणि मुकी बाटली विकायची सोय आपल्याकडे आधीच मुबलक आहे. तालुक्याच्या कुठल्याही गावात चौकात 'वाइन्स' अशी पाटी असते. आत क्वार्टर मिळते, बियर मिळते, रम मिळते. वाइन मागितली की जाळीमागचा माणूस क्षणभर विचारात पडतो, मग "पोर्ट का?" असं विचारतो, आणि स्टूल घेऊन सर्वांत वरच्या फळीवरून धूळ बसलेली एक बाटली काढतो. ती तिथे ट्यूबलाइटच्या उजेडात, मे महिन्याच्या चाळिशीच्या उन्हाळ्यात दोन वर्षं उभी असते. जिच्या नावाने दुकान चालतं तिची ही अवस्था. असली वाइन प्यायल्यावर माणूस पुन्हा क्वार्टरकडे वळला तर दोष त्याचा नाही.

चाखण्याच्या खोलीत मात्र बाटलीला बोलणारं माणूस असतं. तीस मिलिलिटर ओततं, काहीतरी सांगतं, तुमचं वय तुमच्या तोंडावरून जोखतं, आणि खिडकीतून वेल दिसत असतो. सुला या वाइनरीने गंगापूर धरणाजवळ २००५ मध्ये अशी खोली उघडली, तेव्हा देशात हा प्रकार नवाच होता. आज दिंडोरी, इगतपुरीपासून अकलूजपर्यंत वाइनरी पाहायला माणसं जातात. माझं म्हणणं असं की वाइन विकायचीच तर सरकारने या जागांचा विचार आधी करावा. स्वतःच्या दोन एकरांवर छोटी वाइनरी चालवणाऱ्या शेतकऱ्याला बांधावर ग्लासभर विकता यावी, त्यासाठी लागणारा कागद सोपा असावा, फी बेताची असावी. किराणा आणायला गेलेल्या आईच्या हाताला धरून आलेल्या मुलासमोर ते कपाट कशाला?

आपल्याकडे दारूशी माणसाची दोनच नाती मान्य आहेत. एक तर हात लावायचा नाही, नाहीतर बाटली संपवायची. कायदाही याच मनाचा. आजही हे राज्य दारूबंदी कायद्याखाली दारू विकतं. प्यायला परवाना लागतो, एक दिवसाचा पाच रुपयांत मिळतो, आणि तो लागतो हे बहुतेक पिणाऱ्यांच्या गावीही नसतं. महोत्सवात तो तिकिटातच धरला होता म्हणे. मला कागद दिसला नाही. वर्धा आणि गडचिरोलीत बंदी आहे. चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. गावागावांत बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, आणि त्या मतदानामागचा राग चवीबद्दल नव्हता. संध्याकाळी संपलेल्या आठवड्याच्या मजुरीबद्दल होता, अंगावर पडलेल्या हाताबद्दल होता. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, तीही लपूनछपून, घाईघाईत, बहुतेक रिकाम्या पोटी पिणारीच. त्या बायकांना वाइनची संस्कृती शिकवायला जाणारा माणूस मूर्ख म्हणायला हवा. महागडी बाटली त्यांच्या वस्तीत पोचतही नाही.

पण चाखणं हे त्या लपूनछपून पिण्याच्या अगदी उलट टोकाला आहे, हेही पाहा. उजेडात, हळू, खात खात, बायापुरुषांनी एकत्र बसून. महोत्सवात निम्म्या तरी बायका होत्या. दादा आधी बुजला, मग एका साठीच्या बाईंशी बेदाण्याच्या भावावर बोलत बसला. त्या मूळच्या तासगावच्या निघाल्या. त्या बाईंच्या हातात ग्लास आहे याचा त्याला दहा मिनिटांत विसर पडला होता. चाखायला शिकवलं की व्यसनं कमी होतील, असा भाबडा दावा मी करत नाही. फ्रान्समध्येही यकृतं खराब होतात. माझा दावा एवढाच, की थांबायचं कुठे हे ज्याला जिभेवरून कळतं तो बाटलीच्या तळाकडे बघून थांबत नाही.

महोत्सव मात्र हे शिकवत नव्हता. सहा वाइन तीस-तीस मिलिलिटर म्हणजे एकशे ऐंशी. अल्कोहोल साडेतेवीस मिलिलिटरच्या आसपास, एका लार्ज पेगला थोडंच कमी. त्यानंतर गाणी सुरू झाली आणि माप सुटलं. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर गाडी चालवणं गुन्हा आहे. बाहेर मोकळ्या रानात शेकडो गाड्या उभ्या होत्या आणि शहराकडे जाणारा रस्ता अरुंद. एसटी तिथून सुटत नव्हती, आयोजकांची बस नव्हती. अशा कार्यक्रमाला परवानगी देताना जिल्हा प्रशासनाने दोन गोष्टी सक्तीच्या कराव्यात. तिकिटात परतीची बस असली पाहिजे, आणि प्रत्येक टेबलावर तस्त असलं पाहिजे. आणि ते कशासाठी असतं हे बोलून दाखवलं पाहिजे. सुरुवातीला ओतणाऱ्या मुलानेच सर्वांसमोर एकदा थुंकून दाखवावं. लाज मोडायला दुसरा उपाय नाही.

भाषेचा मुद्दा मला याहून महत्त्वाचा वाटतो. चवीचे शब्द मराठीत इतके आहेत की इंग्रजीने उसने मागावेत. तुरट, आंबूस, कडसर, खरपूस, खमंग, उग्र, मवाळ, कुबट, वशट, करपट. (संस्कृतातल्या सहा रसांत कटु म्हणजे तिखट आणि तिक्त म्हणजे कडू, मराठीत येताना कटु कडू झाला. हा घोळ कुणी केला ते देव जाणे.) रेड वाइन जिभेला जी ओढ लावते ती टॅनिनची, आणि तिच्यासाठी तुरट हा शब्द तयार आहे. जांभूळ खाल्ल्यावर, कोरा चहा जास्त उकळल्यावर, कच्ची सुपारी चावल्यावर तेच होतं. हे सांगायला ब्लॅककरंटची गरज काय? करवंद म्हणा, जांभूळ म्हणा, पिकलेला पेरू म्हणा. ओक पिंपातल्या वाइनला भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा वास येतो असं म्हटलं की गिरणारे गावातली आजीसुद्धा होकार देईल. इंग्रजी वर्णनाने होतं असं की माणूस स्वतःच्या नाकावरचा विश्वास गमावतो. ढोबळी मिरची दादाने माझ्या कानात सांगितली, मोठ्याने नाही. ती मोठ्याने सांगता आली असती तर त्या टेबलावर सर्वांत चांगलं चाखणारा माणूस तोच आहे हे सगळ्यांना कळलं असतं.

खाण्याचंही तेच. आत चीजचे चौकोनी तुकडे, ऑलिव्ह, खारी बिस्किटं. चीज वाईट नव्हतं, एक तर दिंडोरीच्या बाजूचंच होतं. पण नाशिकसारख्या खाणाऱ्या गावात वाइनबरोबर घरचं काय जातं, याचा विचारच नव्हता. मी घरी करून पाहिलंय. काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर जाड, तुरट रेड घेऊ नका. तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही मिळून तिखट पेटवतात. किंचित गोडसर शेनिन चांगली गार करून घेतली तर मिसळीच्या तर्रीलाही सांभाळते. कोथिंबीर वडी आणि फसफसणारी ब्रूट वाइन, ही जोडी जमवल्याबद्दल मला कुणीतरी शाल द्यायला हवी. तळलेल्याचा तुपकटपणा तो आंबट फेस धुऊन नेतो. यातलं काही त्या मांडवात नव्हतं. मिसळ होती ती फाटकाबाहेर, ड्रायव्हर लोकांसाठी लावलेल्या एका गाडीवर. आम्ही शेवटी तिथेच जेवलो.

आणखी एक गोष्ट. नाशिकच्या वाइनरींपासून पश्चिमेला निघालात की पेठ आणि सुरगाणा लागतात. तिथे मार्च-एप्रिलमध्ये पहाटे बायकामुलं मोहाची फुलं वेचतात. त्या फुलांची दारू जुनी, त्या माणसांच्या लग्नामयतात लागणारी, देवापुढे धार सोडायला लागणारी. १८९२ मध्ये इंग्रजांनी मुंबई इलाख्यात मोहफुलांवर निर्बंध घालायला खास कायदा केला, कारण घरची दारू प्यायली तर सरकारी गुत्त्याचा महसूल बुडत होता. इंग्रज गेले, नजर तीच राहिली. आजही मोहाची भट्टी म्हटलं की पोलिसांची धाड आणि फोडलेली मडकी. गोव्याने काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळवून दिलं, तिला गोव्याचा वारसा म्हटलं; पर्यटक भाटीवर, म्हणजे फेणीच्या भट्टीवर जाऊन हुर्राक, काजूची पहिल्या धारेची दारू, चाखतात. आपण फ्रेंच जातीच्या द्राक्षाला शेतकऱ्याचं पीक म्हणतो आणि मोहाला हातभट्टी म्हणतो. चाखण्याचा अधिकार मागायचा तर तो या टेबलावर मोहाची बाटली ठेवूनच मागावा लागेल. तिची ताकद मोजलेली हवी, ती शुद्ध असल्याची तपासणी झालेली हवी, करही घ्या. चाखायला पहिला मी येतो. वास उग्र आहे, सवय लागते.

परत येताना दादाने एक बाटली विकत घेतली. कशाला, ते सांगितलं नाही. रिक्षात मोबाइलच्या उजेडात ती फिरवून फिरवून वाचत होता. द्राक्षाचं फ्रेंच नाव होतं, ओकमध्ये किती महिने ठेवली ते होतं, मासळी आणि पांढऱ्या मांसाबरोबर घ्या असंही होतं. "आणि द्राक्षं कोणाची? गाव कुठलं?" लेबलवर ते नव्हतं. नाशिक व्हॅली वाइनला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे माती महत्त्वाची हे तत्त्वतः मान्य आहे. पण मातीच्या मालकाचं नाव छापायला जागा उरत नाही. दादाची निर्यातीची पेटी युरोपात जाते तेव्हा तिच्यावरच्या क्रमांकावरून त्याचा प्लॉट शोधता येतो. हे त्यानेच मला सांगितलं.

एप्रिलमध्ये खरड छाटणीच्या वेळी त्याच्याकडे गेलो. बाटली फवारणीच्या औषधांच्या खोलीत होती, कुलपात. मामींनी ती घरात घेऊ दिली नव्हती. दारूच ना ती, असं त्यांनी विचारलं होतं आणि दादाने होय म्हणून सांगितलं होतं. पत्र्याच्या त्या खोलीत दुपारी हात लावला तर चटका बसेल इतकी ती तापलेली. आत्ताच उघड, नाहीतर वाया जाईल, असं मी म्हणालो. मामींना विचारून ओसरीवर बसायचंही ठरलं. पण बूच कॉर्कचं होतं, आणि कॉर्कस्क्रू गावात कुणाकडेच निघाला नाही.